बोलता बोलता पडणारी काठी

संशयी : मावशी, तुझा काठीचा प्रयोग मी पाहिला आणि तो मला आवडलाही. पण मुलं त्यातून जे घेऊन बाहेर पडतात त्याची मला काळजी वाटते. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या आपल्या गल्लीत आता लहान लहान पोरंसुद्धा एकमेकांना सांगतात, मी उजव्या मेंदूचा, मला गणित जमायचं नाही. ती डाव्या मेंदूची, तिला चित्र कुठून येणार! बोटावर काठी किती सेकंद उभी राहिली इथून निघून माणूस विचार कसा करतो इथपर्यंत पोचायचं, तर मधे बऱ्याच पायऱ्या लागतात. तुझ्या प्रयोगात त्या मला दिसत नाहीत.

उत्साही : ते वाक्य मी कधीच शिकवलेलं नाही. ते शिकवणी वर्गांच्या पत्रकांतून येतं आणि मोबाईलवर फिरणाऱ्या त्या गिरक्या घेणाऱ्या नर्तकीच्या चित्रासोबत येतं. ते चित्र नोबुयुकी कायाहारा या जपानी कलाकाराने २००३ साली दृष्टिभ्रम म्हणून केलं होतं. काळ्या छायाकृतीत पुढचं-मागचं कळत नाही, म्हणून ती बाई कोणत्याही दिशेने फिरताना दिसू शकते. घड्याळाच्या दिशेने दिसली तर तुम्ही उजव्या मेंदूचे, ही पुस्ती नंतर कुणीतरी जोडली. माझा प्रयोग त्या जातीचा नाही. तो नीट सांगते, मग पाहिजे तेवढं तोड.

मीटरभर लांबीची, सरळ, बोटाएवढ्या जाडीची काठी घ्यायची. लांबच हवी, कारण लांब काठी सावकाश कलते आणि हाताला सावरायला वेळ मिळतो. पेन्सिल ठेवून पाहा, क्षणात पडते. आधी दोन्ही हातांच्या तर्जनीवर भरपूर सराव करून घ्यायचा. मग चार प्रकारे मोजायचं: उजव्या बोटावर गप्प राहून, उजव्या बोटावर बोलत, डाव्यावर गप्प, डाव्यावर बोलत. क्रम दर वेळी बदलायचा. आणि बोलायचं म्हणजे पाठ केलेलं म्हणायचं नाही. पाढे, श्लोक, कविता चालत नाहीत. काल घरी काय शिजलं, कोण आलं होतं, कशावरून भांडण झालं, असं त्या घडीला जुळवून सांगावं लागेल ते. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेक मुलांत दिसतं असं की बोलायला लागलं की उजव्या बोटावरची काठी लवकर पडते. डाव्या बोटावर तेवढा फरक पडत नाही. मार्सेल किन्सबोर्न आणि जे. कुक यांनी १९७१ साली असाच प्रयोग प्रसिद्ध केला, आणि त्यांच्या पाहण्यात तर बोलताना डाव्या हाताचा तोल उलट जास्त टिकला होता.

संशयी : आणि त्याचं स्पष्टीकरण तू काय देतेस?

उत्साही : उजव्या हाताच्या बोटांचं बारीक काम मेंदूचा डावा अर्धगोल चालवतो. बहुतेकांचं बोलणंही डावाच अर्धगोल जुळवतो. एकाच घरच्या दोन कामांची ओढाताण होते, आणि काठी पडते. डाव्या हाताचा कारभार उजव्या अर्धगोलाकडे, तिथे बोलण्याची गर्दी कमी. मेंदू उघडून न पाहता, एका पैशाचं यंत्र न वापरता, आपल्या डोक्यात कामं वाटलेली आहेत हे दहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या बोटावर कळतं. याच्याइतकी सुंदर गोष्ट मी शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेली नाही.

संशयी : सुंदर आहे म्हणूनच जास्त कसून पाहायला हवं. पहिली शंका मोजण्याची. उजव्या बोटावर काठी मुळात जास्त वेळ राहते, म्हणजे तिथे गमावण्यासारखं जास्त आहे. चाळीस सेकंदांचे तीस झाले आणि बाराचे नऊ झाले, तर वजाबाकीने उजव्या हाताचं नुकसान मोठं दिसतं. प्रमाणात पाहिलं तर दोन्हीकडे पाव हिस्साच गेला. तू कोणता हिशेब धरतेस यावर निष्कर्ष फिरतो. दुसरी शंका तुझ्यावरच आहे, राग मानू नकोस. घड्याळ तुझ्या हातात असतं, आणि काय दिसायला हवं हे तुला ठाऊक असतं. काठी पडली हे नक्की कोणत्या क्षणी म्हणायचं? बोटावरून निसटली तेव्हा, की जमिनीला लागली तेव्हा? अर्ध्या सेकंदाचा फरक तुझा अंगठा नकळत करू शकतो. तिसरी शंका सगळ्यांत मोठी. ज्यांनी हा प्रयोग पुन्हा पुन्हा केला त्यांना दर वेळी सारखंच उत्तर मिळालेलं नाही. कधी दोन्ही हात बिघडतात, कधी काठीऐवजी बोटाने टकटक करायला लावलं तर फरक दिसतो पण फार छोटा. सरावाने तर तो आणखी विरतो.

उत्साही : राग कसला, पहिल्या दोन शंका मला पटतात. हिशेब प्रमाणात करायचा हे मी मुलांकडूनच करून घेईन. टक्केवारी त्यांना शाळेत शिकवलेलीच आहे. घड्याळाचंही करता येईल. मोजणाऱ्या मुलाच्या कानात कापसाचे बोळे, आणि दारात पडदा असा बांधायचा की काठी तोलणाऱ्याचे ओठ मोजणाऱ्याला दिसू नयेत, काठी मात्र दोघांनाही दिसावी. मोजणाऱ्याला कळताच कामा नये की पलीकडे बोलणं चाललंय की गप्प बसलंय. फरक छोटा आहे हेही कबूल. पण छोटा फरक खोटा ठरत नाही. आणि हे वाटप मुळात आहे याची साक्ष काठीपेक्षा फार कठोर ठिकाणी मिळते, ती तूही नाकारणार नाहीस.

अर्धांगवायू झालेली माणसं प्रत्येक घराने पाहिलेली असतात. आपल्याकडे जुन्या बायकांनासुद्धा माहीत असायचं की उजवं अंग गेलं की वाचाही जायची भीती, डावं गेलं तर माणूस बोलता राहतो. याच्यावर फ्रान्समध्ये मार्क डाक्स नावाच्या डॉक्टरने १८३६ सालीच टिपण लिहिलं होतं, पण त्याकडे लक्ष गेलं ते पॉल ब्रोकामुळे. १८६१ साली ब्रोकापुढे लेबोर्न नावाचा रुग्ण आला. त्याला सगळं समजायचं, पण विचारलं ते काहीही असो, तोंडातून ‘तां’ एवढंच निघायचं. संतापला की मात्र एक अख्खी शिवी बाहेर पडायची. तो वारल्यावर मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला पुढे जखम. असेच आणखी रुग्ण पाहून १८६५ साली ब्रोकाने स्पष्टच लिहिलं की आपण डाव्या अर्धगोलाने बोलतो. म्हणूनच मी पाढे म्हणू देत नाही. लेबोर्नच्या त्या शिवीसारखं जे आपसूक येतं त्याला जुळवाजुळव लागत नाही. आपल्या म्हैसुरात मानसगंगोत्रीत वाक् आणि श्रवण संस्था १९६५ सालापासून आहे. वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा शब्दाशी आणण्याचं काम तिथे चालतं. तिथल्या कुणालाही विचार, डावा-उजवा हा भेद पोकळ आहे का.

संशयी : पोकळ नाही, आणि तसं मी म्हणालोही नाही. पण तुझंच उदाहरण पुढे नेऊ. डावं अंग गेलेल्या माणसाबद्दल घरचे म्हणतात, नशीब, बोलतोय, डोकं शाबूत आहे. नीट पाहिलं तर चित्र वेगळं असतं. असा एखादा माणूस ताटातला उजव्या बाजूचा भात संपवतो आणि डावीकडची भाजी तशीच ठेवतो. ती त्याला दिसत नाही असं नाही. डोळे चांगले असतात. जगाची डावी बाजू त्याच्या ध्यानातच येत नाही. दाढी करताना अर्धाच चेहरा करतो. घड्याळ काढायला सांगितलं तर सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतो. काहींचं बोलणं व्याकरणशुद्ध असतं, पण त्यातला चढउतार गेलेला असतो. थट्टा कळत नाही, म्हणीचा अर्थ शब्दशः घेतात. म्हणजे भाषा डावीकडे, हे वाक्य अर्धंच झालं. शब्द आणि वाक्यरचना मुख्यतः डावीकडे, पण आपण ज्याला बोलणं म्हणतो, ज्यात सूर, टोमणा, लाघव, प्रसंग ओळखणं येतं, त्याला दोन्ही बाजू लागतात. तुझ्या पत्रकवाल्या मंडळींनी उजव्या बाजूला ‘कला’ आणि डाव्या बाजूला ‘तर्क’ अशी दोन गाठोडी बांधली. रुग्णांनी मात्र दाखवलं की एकेका कामाच्याच फोडी होतात आणि त्या दोन्हीकडे वाटल्या जातात.

उत्साही : हे मुलांना सांगण्यासारखं आहे. ताटाचं तर नक्की सांगेन.

संशयी : मग त्यासोबत हेही सांग. म्हैसुरात राहतेस, संगीत ऐकतेस, म्हणून विचारतो. कर्नाटक संगीताचा गायक ताल कोणत्या हाताने धरतो?

उत्साही : उजव्या. मांडीवर.

संशयी : आणि त्याच वेळी तोंडाने काय करतो? शब्द म्हणतो, तेही पाठ केलेलेच असं नाही. निरवलमध्ये एकच ओळ घेऊन ती तालाच्या चौकटीत दर वेळी नव्या तऱ्हेने मांडतो. कल्पनास्वरांत त्या घडीला सुचलेले सा-रि-ग म्हणतो आणि हिशेब करून समेवर येतो. तुझ्या स्पष्टीकरणाप्रमाणे एवढी गर्दी डाव्या अर्धगोलात झाल्यावर उजव्या हाताचा ताल कोलमडायला हवा. तसं असतं तर शेकडो वर्षांच्या परंपरेने ताल कधीच डाव्या हाताकडे दिला असता. महाराष्ट्रातला कीर्तनकार घे. हातात चिपळ्या, तोंडाने आख्यान, समोरच्या माणसाकडे पाहून जागेवर सुचलेला दाखला, आणि चिपळ्या चालूच. म्हणून मला वाटतं, तुझी काठी अर्धगोलांचं वाटप दाखवते त्यापेक्षा न सरावलेल्या जोडकामाची अडचण जास्त दाखवते. सराव झाला की भांडण मिटतं. मग जे सरावाने मिटतं त्याला मेंदूची ठेवण म्हणायचं की सवयीचा अभाव?

उत्साही : थांब, हा मुद्दा घाईने सोडण्यासारखा नाही. गायकाचा हात आणि गायकाचा शब्द ही दोन कामं आहेत असं तू धरलंस. पण ताल आणि गाणं एकाच लयीत बांधलेलं असतं. हात शब्दाला अडवत नाही, उलट वाट दाखवतो. काठीला लय नसते. ती कधी, कुठे कलेल ते आधी कळत नाही, प्रत्येक क्षणी नवा निर्णय लागतो. म्हणून काठीवर ओढाताण होते आणि चिपळ्यांवर होत नाही. गायकाने ताल सोडून काठी धरावी आणि मग निरवल करावं, तेव्हा पाहू. शिवाय सरावाने फरक विरतो म्हणून तो आधी नव्हता असं ठरत नाही. उलट संगीतानेच याचा एक सुरेख पुरावा दिलाय. टॉमस बेव्हर आणि रॉबर्ट कियारेलो यांनी १९७४ साली माणसांना एकेका कानाने सुरावटी ऐकवल्या. संगीत न शिकलेल्यांना डाव्या कानाने ऐकलेली सुरावट अधिक नीट ओळखता आली आणि शिकलेल्यांना उजव्या कानाने. कानाकडून जाणारे मुख्य मार्गही बरेचसे उलट बाजूला जातात. म्हणजे न शिकलेला माणूस सुरावट एक सबंध आकृती म्हणून ऐकतो आणि शिकलेला तिच्या फोडी करतो, असं त्यांनी मानलं. शिक्षणाने कामाची बाजू सरकते! मला तर हे वाटपाच्या विरोधात नाही, वाटपाच्या बाजूने वाटतं.

संशयी : आणि मला त्यात माझंच म्हणणं दिसतं. सूर उजवीकडे, हे वाक्यसुद्धा माणूस काय शिकलाय ते विचारल्याशिवाय म्हणता येत नाही. तू आता स्वतःच सांगितलंस की बाजू कामाच्या नावावर ठरत नाही, ते काम तो माणूस कसं करतो यावर ठरते.

(दोघांनी एकच प्रयोग दोन टोकांनी धरला, इथे लेखकाला थोडं थांबावंसं वाटतं. बेव्हर-कियारेलो यांच्या निष्कर्षाला पुढे आव्हानंही मिळाली, पण त्यांनी विचारलेला प्रश्न टिकला: मेंदूची बाजू ही जागा आहे की पद्धत? या संवादाचा कणा माझ्या मते हाच प्रश्न आहे.)

उत्साही : बरं, मग मंडी मोहल्ल्यात राहून मला जे दिसलं ते ऐक. काठीशिवाय मी आणखी एक खेळ घेते. एका चेहऱ्याचे दोन फोटो, एक हसरा, एक निर्विकार. दोन्ही मधोमध कापायचे आणि हसऱ्याचा एक अर्धा व निर्विकाराचा दुसरा अर्धा जोडायचा. मग त्याचीच आरशातली उलटी प्रत करून दोन्ही चेहरे एकाखाली एक ठेवायचे. कोणता जास्त आनंदी वाटतो? उजव्या हाताचे बरेच लोक ज्याच्यात हसू बघणाऱ्याच्या डाव्या बाजूला आहे तो चेहरा दाखवतात. कारण सांगतात ते असं की डावीकडचं दृश्य उजव्या अर्धगोलाकडे जातं आणि चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात तो पुढे असतो. इथे मी एक काळजी घेते. डावा डोळा म्हणजे उजवा मेंदू, असं मुलांना वाटतं. तसं नाही. प्रत्येक डोळ्याला दिसणाऱ्या दृश्याचा डावा अर्धा उजवीकडे जातो आणि उजवा अर्धा डावीकडे. पण आपल्या गल्लीत हा खेळ घेतला की उत्तरं एकसारखी येत नाहीत. कन्नड शाळेतली मुलं बहुधा अपेक्षेप्रमाणे दाखवतात. उर्दू शाळेत जाणारी, संध्याकाळी मदरशात अरबी वाचणारी मुलं कधी हा, कधी तो. मला आधी वाटायचं, खेळ नीट समजला नसेल.

संशयी : त्यांना खेळ नीटच समजला होता. ज्योत्स्ना वैद आणि महाराज सिंह यांनी १९८९ साली याच प्रश्नावर काम प्रसिद्ध केलं. डावीकडून उजवीकडे हिंदी वाचणारे, उजवीकडून डावीकडे वाचणारे, दोन्ही लिप्या येणारे आणि निरक्षर, असे सगळे त्यांनी घेतले होते. हिंदी वाचकांत डावीकडचा कल ठळक होता. उजवीकडून वाचणाऱ्यांत आणि निरक्षरांत तो तसा दिसला नाही. नजर पानावर जिथून सुरू व्हायला शिकली, तिथून ती चेहऱ्यावरही सुरू होते. सय्याजीराव रस्त्याकडून आपल्या मोहल्ल्यात शिरलं की कन्नड पाटीशेजारी उर्दू पाटी दिसते. त्या दोन पाट्यांमधला फरक तुझ्या खेळात उतरला आणि तू त्याला अर्धगोल म्हणालीस. माझी सगळी हरकत या एका गोष्टीत सामावते. घरगुती प्रयोगात मेंदूची ठेवण, हाताची सवय आणि लिपीची दिशा ही तिन्ही एकाच आकड्यात मिसळून येतात. वेगळी कशी करायची ते न सांगता आपण त्यातल्या सर्वांत आकर्षक कारणाचं नाव घेतो.

उत्साही : तरीही सगळाच कल लिपीने समजावता येत नाही. तसं असतं तर उजवीकडून वाचणाऱ्यांत हिंदी वाचकांइतकाच ठळक, पण उलट्या बाजूचा कल दिसायला हवा होता. तसा सरळ उलटा आरसा मिळत नाही. म्हणजे एक ओढ लिपीची, एक ओढ मेंदूची. एकीकडे दोन्ही मिळतात, दुसरीकडे एकमेकींना खोडतात. निरक्षरांचं काय करायचं हे मात्र मला उमगत नाही. मेंदूची ओढ मूळची असेल तर त्यांच्यात ती सर्वांत स्वच्छ दिसायला हवी.

संशयी : तिथेच तर मीही अडतो. एक शक्यता अशी की शाळेत न गेलेल्या माणसाला कागदावरचा कापलेला, काळा-पांढरा चेहराच परका वाटतो, आणि मग ते उत्तर चेहऱ्याबद्दलचं राहत नाही. दुसरी शक्यता जास्त अस्वस्थ करणारी आहे. अक्षर शिकणं मेंदूची घडी स्वतःच बदलतं, आणि ज्याला आपण मूळ वाटप समजतो त्याचा काही भाग शाळेने घडवलेला असतो.

पण हे सगळं कामांच्या वाटपाबद्दल झालं. माणसांच्या वाटपाबद्दल माझं म्हणणं अधिक ठाम आहे. युटा विद्यापीठात जेफ अँडरसन यांच्या गटाने २०१३ साली ७ ते २९ वयाच्या १,०११ जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले. काही जाळी डावीकडे जास्त बांधलेली होती, काही उजवीकडे. पण अमक्याचा सबंध डावा मेंदू जोरात आणि तमक्याचा सबंध उजवा, अशी माणसं सापडली नाहीत. दोन्ही अर्धगोलांमधला पूल सुमारे वीस कोटी तंतूंचा आहे. तो शाबूत असताना एक बाजू झोपली आणि दुसरी काम करते, असं कधी होत नाही.

उत्साही : आणि तो पूल कापलेल्यांत? रॉजर स्पेरींना १९८१ साली नोबेल मिळालं ते याच कामासाठी. फिट्स आवरण्यासाठी ज्यांचा पूल कापला होता त्यांना डाव्या बाजूला एखाद्या वस्तूचं नाव क्षणभर दाखवलं, तर ते म्हणत काहीच दिसलं नाही. आणि डावा हात पडद्यामागून नेमकी तीच वस्तू उचलून देत असे. एका डोक्यात दोन जाणते! हे वाचून माणसाला दोन प्रकारच्या विचारांची कल्पना सुचली तर त्यात नवल काय? बेट्टी एडवर्ड्स यांचं १९७९ सालचं चित्रकलेचं पुस्तक त्यातूनच आलं. मेंदूबद्दलचं त्यांचं म्हणणं आज टिकणार नाही, पण चित्र उलटं धरून काढायची त्यांची युक्ती मी मुलांना देते. नाव असलेली वस्तू दिसेनाशी होते, नुसत्या रेषा उरतात, आणि चित्र खरंच सुधारतं. स्पष्टीकरण चुकलं तरी हाताला आलेलं खोटं होत नाही.

संशयी : स्पेरींचेच विद्यार्थी मायकेल गॅझानिगा यांचा एक प्रसंग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. जोझेफ लेडू यांच्याबरोबर ते अशाच एका मुलाला तपासत होते. त्याच्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्याला बर्फात बुडालेलं अंगण. समोरच्या चित्रांतून उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडं. फावडं का, असं विचारलं तर बोलणाऱ्या डाव्या बाजूला बर्फ ठाऊकच नव्हतं. पण तो मुलगा गोंधळला नाही, अडखळलाही नाही. म्हणाला, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच. कारण तयार झालं, आणि सांगणाऱ्याचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

आता आपल्या गल्लीतल्या त्या मुलाचा विचार कर, ज्याला कुणीतरी उजव्या मेंदूचा म्हटलंय. गणितात गुण कमी पडले की कारण हाताशी आहे. तो खोटं बोलत नाही, त्याचा विश्वास आहे. आणि या विश्वासाचा व्यापार होतो म्हणून मी कठोर होतो. बोटांच्या ठशांवरून मेंदूचा कल सांगणाऱ्या चाचण्या पालकांना विकल्या जातात. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने त्यांना शास्त्रीय आधार नसल्याचं सांगूनही विकल्या जातात. मध्य-मेंदू जागृत करण्याचे वर्ग निघाले, डोळे बांधलेली मुलं वाचून दाखवू लागली. मंगळूरच्या नरेंद्र नायकांनी दाखवून दिलं की ती नाकाशेजारच्या फटीतून पाहतात. त्या मुलांवर काय ओझं असेल, विचार कर. आईबापांनी पैसे भरलेत, आणि आपण फटीतून पाहतोय हे कुणाला सांगायचं नाही.

उत्साही : त्या मुलांचं ऐकून मलाही पोटात कालवतं. त्या व्यापाराच्या रांगेत माझी काठी उभी करू नकोस. पण एका मुलीबद्दल सांगते, मग तूच ठरव. ती डावखुरी आहे. घरात डाव्या हाताने जेवली की हातावर चापट, वही डाव्या हाताने लिहिली की शाळेत बोलणं. माझ्याकडे आली तेव्हा लिहिताना तो हात मांडीखाली दाबून बसायची. काठी तिने डाव्या बोटावर धरली आणि ती गल्लीत कुणाहीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. मी तिला सांगितलं, तुझ्या हाताचा कारभार मेंदूच्या दुसऱ्या बाजूकडे आहे, तो बिघाड नाही, तुझी घडण आहे. त्या दिवसापासून ती हात लपवत नाही. आईला बोलावून आणून तिने काठी तोलून दाखवली. आता सांग, हे मी तिच्याकडून परत घेऊ?

संशयी : घेऊ नकोस. पण तिला पूर्ण सांग. डावखुऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांचं बोलणं डाव्याच अर्धगोलात असतं. उजव्या हाताच्या लोकांत ते प्रमाण पंच्याण्णवच्या आसपास आहे. म्हणजे हात उजवीकडून चालतो आणि भाषा बहुधा डावीकडूनच. ती ‘उजव्या मेंदूची’ नाही. तिला चित्रकलेकडेच वळवायचं, गणिताची सूट द्यायची, याला काडीचा आधार नाही. तू तिला चापटीतून सोडवलंस, ते अगदी योग्य केलंस. पण ज्या वाक्याने सोडवलंस त्याच वाक्यात उद्या कुणी तिला बांधेल, एवढीच माझी भीती आहे. डाव्या हाताने जेवायचा तिला हक्क आहे, आणि तो हक्क मेंदूच्या कोणत्याही चाचणीवर अवलंबून असता कामा नये. उद्या चाचणीत उलटं आलं तर चापट योग्य ठरणार आहे का?

उत्साही : हे तू बरोबर बोललास, आणि त्याने माझं काम अवघड केलंस. हक्काची भाषा दहा वर्षांच्या मुलीच्या घरात चालत नाही रे. तिथे आजी आहे, रूढी आहे, पाहुण्यांसमोरची लाज आहे. तिच्या आईला पटलं ते काठीने, कारण काठी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मी तिथे हक्क सांगत बसले असते तर दार लागलं असतं. पण तू म्हणतोस तशी ती काठी माझ्या वाक्याला पुरावा नव्हतीच. डाव्या हाताचा सराव जास्त, म्हणून काठी जास्त टिकली, एवढंच. मग मी तिच्या आईला खरं पटवलं की खऱ्यासारखं दिसणारं?

संशयी : मला वाटतं, निम्मं निम्मं. आणि ते सुधारायचा मार्गही प्रयोगातूनच जातो. आपल्याकडे एक गोष्ट आहे जी युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना सहज मिळत नाही. एकाच गल्लीत, एकाच वयाची, एकच खेळ खेळणारी मुलं. काहींना फक्त कन्नड येतं, काहींना फक्त उर्दू, आणि काहींना दोन्ही, दोन्हीत सारखीच सफाई. चेहऱ्यांचा खेळ त्या तिन्ही गटांना द्यायचा, पडद्याच्या नियमाने. काठीचाही द्यायचा, कारण काठीला लिपी नाही. चेहऱ्यांचा कल लिपीप्रमाणे हलला आणि काठीचा फरक तिन्ही गटांत सारखाच राहिला, तर तुझी काठी लिपीपासून तरी सुटली. काठीचा फरकही गटाप्रमाणे हलला तर मला वाटेल की आपण मेंदूऐवजी शाळा मोजतोय.

उत्साही : मला तसं वाटणार नाही. काठीचा फरक हलला तर मी म्हणेन, दोन लिप्या वाचणाऱ्या मुलाच्या मेंदूत कामं वेगळ्या रीतीने वाटली गेली, आणि ते तर आणखी मोठं नवल. बघ, एकच आकडा येईल आणि तू त्याला शाळा म्हणशील, मी मेंदू. जे शाळेने मेंदूत घडवलं ते कुणाच्या खात्यावर मांडायचं, हे कोणता प्रयोग सांगेल?

संशयी : हा नाही सांगणार. त्यासाठी तीच मुलं दुसरी लिपी शिकण्याआधी आणि शिकल्यानंतर मोजावी लागतील, आणि मधल्या काळात ती वयानेही वाढलेली असतील. वय आणि लिपी वेगळं करायला पुन्हा तेवढीच मुलं हवीत, जी शिकली नाहीत.

उत्साही : आणि कुणाला शिकू द्यायचं नाही, हे कोण ठरवणार? ते तर मी करणार नाही. म्हणजे पहिलीत बसायच्या आधीच्या मुलांपासून सुरुवात करावी लागेल; ज्यांच्या घरी कन्नड शाळा ठरली आहे ती, आणि ज्यांच्या घरी उर्दू. पण तेवढ्या लहानांना मीटरभर काठी तोलता येत नाही. त्यांच्यासाठी दुसरं काही शोधावं लागेल. बोटाने टकटक चालेल असं तू म्हणाला होतास ना?

संशयी : चालेल, पण त्यातला फरक छोटा असतो, आणि गल्लीत मुलं कमी पडतील.

उत्साही : शेजारच्या मोहल्ल्यातली बोलावू. त्यांना येताना काय सांगायचं तेवढं मात्र तू लिहून दे, त्यात मेंदूचं नाव नको.